गादी उचलणार कोण

जून २०२२, पहिला शुक्रवार, सकाळी दहा. दोहातल्या अबू हमूर भागातल्या आमच्या भाड्याच्या घराचा हॉल. हजर: मी, नवरा, नुकतीच बारावीत गेलेली मुलगी आणि शेजारची कोरियन बाई. ती खरं तर आमचा कुकर परत द्यायला आली होती आणि चहाला थांबली. गैरहजर: घरमालक. त्याच्यामुळेच ही बैठक भरली होती.

एका मोठ्या व्हिलाचे मध्ये भिंती घालून चार भाग केलेले, त्यातल्या एकात आम्ही आठ वर्षं राहत होतो. करार जूनअखेर संपत होता. दर वर्षी मालकाचा माणूस यायचा, कागदावर सही घ्यायचा, चहा नको म्हणायचा आणि जायचा. या वर्षी तो दारातूनच म्हणाला, ''खलास, मॅडम. वर्ल्ड कप.'' बस. एवढंच. जणू वर्ल्ड कप नावाचा त्याचा कुणी मेहुणा होता आणि तो आमच्या बेडरूममध्ये राहायला येणार होता.

सगळ्या दोहाची तीच गत होती. नोव्हेंबरात फुटबॉलचा वर्ल्ड कप, आणि त्याच्या पाहुण्यांना दामदुपटीने द्यायला मालक घरं रिकामी करून घेत होते. बघायला जावं तो फ्लॅट आदल्या दिवशी गेलेला. शेवटी एक मिळाला: एक बेडरूम, एक हॉल, एक बाल्कनी. बेडरूम मुलीला द्यायची हे मीच ठरवलं. तिचं बारावीचं वर्ष, तिला टेबल आणि बंद होणारं दार हवं. त्यावर वाद नव्हता. आम्ही दोघांनी हॉलमध्ये झोपायचं. त्यावरही नव्हता. वाद होता तो कशावर झोपायचं याचा.

माझा पलंग जाड लाकडाचा आहे, सहा बाय साडेसहा, खाली दोन खण. दोहात नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी मी तो सुताराकडून करवून घेतला. स्वतःसाठी आयुष्यात करवून घेतलेली ती पहिली वस्तू. नव्या हॉलची मापं मी दोनदा घेतली होती. सोफा काढून टाकला तर खिडकीच्या भिंतीला पलंग बसत होता. यादीत तसं लिहिलंही होतं. माझ्या यादीला तीन रकाने असतात: काय, केव्हापर्यंत, कोण. घर बदलायची यादी चार पानांची झाली होती आणि पलंगाची ओळ पहिल्या पानावर होती.

''हॉलमध्ये पलंग?'' नवरा म्हणाला. ''लोक आले तर बसतील कुठे? पलंगावर? दवाखान्यात आल्यासारखं वाटेल त्यांना.''

''लोक महिन्यातून एकदा येतात. मी रोज झोपते.''

मग त्याने खिशातून कागद काढला. माझ्याशी वाद घालायचा तर यादी करून यावी लागते, हे अठरा वर्षांत तो शिकला होता. कागदावर डाव्या बाजूला पलंग, उजव्या बाजूला कोरियन गादी. त्याच्या स्टेडियमच्या साईटवर बरेच कोरियन इंजिनियर होते आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडून त्याने हे ज्ञान मिळवलं होतं. जमिनीवर घालायची जाड गादी. रात्री घालायची, सकाळी घडी करून कपाटात. दिवसा खोली मोकळी. पाठीला उत्तम. हजारो वर्षांची परंपरा. जागेचा पुरेपूर वापर.

''आणि ही गादी आणायची कुठून?'' मी विचारलं.

त्याने शेजारणीकडे बघून हसून मान हलवली. तेव्हा मला कळलं की हे आधीच ठरलेलं होतं. तिच्या नवऱ्याचं स्टेडियमवरचं काम संपलं होतं, ते दोघं महिनाअखेर दुसऱ्या देशात चालले होते, आणि त्यांच्याकडे एक गादी होती. नवऱ्या-नवऱ्यांचं जिन्यात बोलणं झालं होतं.

मी तो कागद हातात घेतला. अकरा मुद्दे, सुवाच्य अक्षर. एक रकाना नव्हता.

''उचलणार कोण?'' मी म्हटलं.

''अगं, उचलायचं काय त्यात? दोन मिनिटांचं काम.''

दोन मिनिटांचं काम. हे शब्द मी नऊ वर्षांची असल्यापासून ऐकतेय. नाशिकला आम्ही दोन खोल्यांत सात जण होतो आणि सात अंथरुणं होती. रात्री घालायची मी, सकाळी काढायची मी. भाऊ उठून थेट मोरीवर जायचे. मी प्रत्येकाची चादर झटकायची, गादीची वळकटी करायची, कोपऱ्यात चळत रचायची आणि वर जुनी साडी झाकायची, म्हणजे आलेल्यांना ती बसायची जागा वाटावी. पाहुणे त्यावर बसून म्हणायचे, पोरीचा हात कसा टापटीप आहे. वडील खूश व्हायचे. दहावीच्या परीक्षेच्या सकाळीसुद्धा मी सात गाद्या उचलून गेले. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात झोपायची जागा रोज मांडायची आणि मोडायची नाही. ती असेल. चार पायांवर उभी, कायम.

हे मी त्या सकाळी बोलले नाही. बोलायला हवं होतं. मी एवढंच म्हटलं, ''मी उचलणार नाही.''

''मी उचलीन,'' तो म्हणाला. ''रोज. लिहून घे.''

मी लिहून घेतलं. काय: गादी उचलणे. केव्हापर्यंत: रोज सकाळी. कोण: तो. मुलगी मोबाईलवरून मान वर न करता म्हणाली, ''ओ माय गॉड, यू गाइज.''

शेजारीण तोवर चहा पीत ऐकत होती. तिचं इंग्रजी तुटक आणि माझं कचेरीतलं, पण दोन वर्षांत आमचं चांगलं जमलं होतं. नवरा फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा ती म्हणाली, ''मी त्यावर झोपत नाही.''

''काय?''

''माझ्याकडे पलंग आहे. तू बघितलायस.'' आणि मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे घराची जमीन खालून गरम केलेली असते, म्हणून गादी उबदार आणि कोरडी राहते. इथे एसीने फरशी गार पडते. गादी उचलली नाही तर खालून ओल धरते. ''आणि माझ्या सासरी कोण उचलायचं, विचार.''

''कोण?''

तिने स्वतःकडे बोट दाखवलं. आम्ही दोघी हसलो. चांगलं हसू नव्हतं ते.

''मग टाकून दे ना,'' मी म्हटलं.

टाकता येत नाही, ती म्हणाली. लग्नात तिच्या आईने स्वतःच्या हाताने शिवलेली. आई आता नाही. पुढच्या देशात दोन दोन बॅगांचंच सामान न्यायचं. कुणा अनोळखी माणसाला द्यायला मन होत नव्हतं. ''तू याद्या करतेस,'' ती म्हणाली. ''तुझ्याकडे नीट राहील. रोज उचल. आठवड्यातून एकदा ऊन दाखव. एवढंच.''

मी ते दोन्ही यादीत लिहिलं. कोण या रकान्यात पुन्हा 'तो' लिहिलं. तिने ते पाहिलं, पण मराठी तिला वाचता येत नव्हतं.

जूनअखेरीस आम्ही हललो. पलंग सुटा करून बाल्कनीत ठेवला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. बोल्ट मी काचेच्या बरणीत घालून बरणी स्वयंपाकघरात ठेवली. गादी हॉलमध्ये आली. सुंदर होती, हे मी नाकारत नाही. गर्द निळं कापड, काठाला लाल पट्टी, आणि सगळीकडे बारीक, एकसारखे टाके. एका बाईने किती दिवस मान मोडून ते घातले असतील.

नवऱ्याने नऊ दिवस गादी उचलली. माझ्याकडे नोंद आहे. दहाव्या दिवशी साईटवर पहाटेची पाळी लागली. आता स्टेडियमचं काम म्हटल्यावर बोलायची सोय नाही. सगळं जग येणार, तारीख हलणार नाही, सगळ्यांच्या नाकी नऊ आलेले. तो साडेचारला अंधारात निघायचा आणि गादी तशीच राहायची.

''संध्याकाळी उचलतो,'' तो म्हणायचा. संध्याकाळी उचलून काय करायचं? रात्री परत घालायचीच. मग तो म्हणायचा, ''राहू दे ना मग.''

मी राहू दिली. मी गादीच्या कडेने केर काढत होते. कडेने फरशी पुसत होते. नेमकं कडेने. मुलगी तिच्यावरून उडी मारून स्वयंपाकघरात जायची आणि एक दिवस वैतागून म्हणाली, ''आई, जस्ट लिफ्ट इट ना! इट्स टू मिनिट्स.''

''दोन मिनिटांचं आहे ना? मग तू उचल.''

''व्हाय मी?''

''एक्झॅक्टली,'' मी म्हटलं आणि ऑफिसला गेले.

ऊन दाखवायचं तर कुणी नावच काढलं नाही. बाल्कनीत जागा नव्हती, तिथे माझा पलंग उभा होता. ऑगस्ट लागला. बाहेर भिंतींना घाम फुटेल अशी दमट हवा, आत दिवसरात्र एसी. मला शेजारणीचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. रोज आठवत होतं. रोज रात्री पाठ टेकली की एक आंबूस वास यायचा आणि मी स्वतःला सांगायचे, माझा रकाना नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला. त्याचे साहेब आणि साहेबांची बायको इकडेच कुणाकडे आले होते, चहाला येतो म्हणत होते. दोघं मूळचे पुण्याचे, फार टापटिपीचे.

''अर्ध्या तासात पोचतोय. जरा ती गादी आवर ना.''

''नाही.''

''अगं, आजच्या दिवस!''

''सात जणांच्या गाद्या मी आजच्या दिवस म्हणतच उचलल्यात,'' मी म्हणाले. त्याला त्यातलं अक्षर कळलं नसणार. मी फोन ठेवला, चहाचं आधण ठेवलं, चिवडा काढला, चांगले कप काढले. सगळं केलं. गादी तेवढी केली नाही.

ते आले. साहेब दारातच थबकले. हॉलच्या मधोमध निळी गादी, त्यावर चुरगळलेली चादर, नवऱ्याचा पायजमा. साहेबांच्या बायकोने चप्पल काढता काढता सगळं टिपलं.

''अगंबाई! कुणी आजारी आहे का गं?''

''नाही वहिनी. कोरियन पद्धत आहे. यांची आवड.''

''हो का? आमच्याकडे असं पसरून ठेवलं असतं ना, तर यांच्या आईने मला माहेरी धाडलं असतं.''

''सर, बसा ना,'' नवरा म्हणाला, आणि मग त्यालाच जाणवलं की गादी तुडवल्याशिवाय सोफ्यापर्यंत पोचता येत नाही. तो लाल होऊन वाकला. एका हाताने चादर काढली, दुसऱ्याने गादीचं टोक धरून ओढलं. गादी फरशीला चिकटली होती. त्याने जोर लावला. फर्रकन आवाज आला आणि ती उलटी झाली.

खालची बाजू काळी होती. ठिपके ठिपके नव्हे, पूर्ण काळी, आम्ही दोघं झोपत होतो त्या आकाराची. लाल पट्टी कुजून फरशीवरच राहिली होती. वासाने मुलगी खोलीतून बाहेर आली, बघितलं आणि नाक दाबून परत गेली.

''बुरशी आहे ही,'' साहेब म्हणाले. जणू आम्हाला माहीत नव्हतं.

चहा आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने घेतला. चिवडा कुणी खाल्ला नाही. पाहुणे गेल्यावर नवरा माझ्यावर ओरडला, मी त्याच्यावर ओरडले. नाशिकच्या सात गाद्या त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या. तो खाली बसला.

''हे आधी का नाही सांगितलंस?''

''सांगितलं असतं तर उचलली असतीस?''

त्याने विचार केला, आणि खरं बोलला. ''माहीत नाही.''

गादी त्यानेच खाली कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकली. त्याच रात्री बाल्कनीतून एकेक फळी आत आणली, बरणी मागितली, पाना घेतला आणि पलंग जोडला. सोफा विकला. आता येणारे लोक पलंगावर बसतात आणि दवाखान्यात आल्यासारखे दिसतात. दिसू देत. मी मागितलेलं मला मिळालं.

तरी माझा राग गेलेला नाही, आणि आता तो सगळा नवऱ्यावर नाही. त्याच्या वाट्याला नऊ आणि माझ्या वाट्याला पन्नासेक सकाळी आल्या होत्या. त्यातल्या एका सकाळी मी वाकले असते तर हरले असते, एवढंच. न हरण्यासाठी मी एका बाईच्या आईचे टाके दोन महिने पाठीखाली कुजू दिले. ती आई आमच्या भांडणात कुठेच नव्हती.

नोव्हेंबरात, रस्तोरस्ती झेंडे लागले त्या आठवड्यात, शेजारणीचा मेसेज आला. तिकडे थंडी पडलीय, तुमच्याकडे गर्दी झाली का, गादी कशी आहे, उन्हात घातलीस की एक फोटो पाठव. शेवटी हसरा चेहरा.

मी ते यादीत घातलं. त्या यादीतलं बाकी सगळं कधीच खोडून झालं, स्पर्धा झाली, झेंडे उतरले, घरमालकाने आमचा जुना भाग पुन्हा भाड्याने लावला. ही एक ओळ मी प्रत्येक नव्या यादीत उतरवून घेते. काय: तिला खरं काय ते लिहिणे. कोण: मी. मधला रकाना कोरा आहे.