बंद न केलेलं खातं

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तिला सगळे सर्व्हरताई म्हणायचे. तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत दोन संगणकांच्या सोबतीनं तिची उमेदीची वर्षं गेली. शहराच्या कुठल्या टाकीत किती पाणी आहे आणि कुठला पंप कधी चालवायचा, हे त्यातला एक संगणक ठरवायचा. त्यानं अंग टाकलं तर दुसरा तयार हवा.

दोन्हींवरची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी होती. कंपनीनं मागाहून बऱ्याच नव्या आवृत्त्या काढल्या, पण ताई जुनीलाच धरून बसली. आलेली प्रत्येक दुरुस्ती वेळच्या वेळी बसवायची. बॅकअप घ्यायचा आणि तो खरंच परत उतरतो का, हेही दुसऱ्या संगणकावर बघायचं. भंगारात निघालेल्या संगणकांचे पंखे ती काढून ठेवायची, घरात सुतळीचे तुकडे जपतात तसे.

"ताई, जुनं ते सोनं खरं," साहेब म्हणायचे, "पण सोन्याला दर महिन्याला ठिगळ लावावं लागत नाही हो!"

"ठिगळ आहे म्हणून तुमच्या नळाला पाणी आहे," ती म्हणायची. साहेब हसून वर निघून जायचे.

सगळ्यांना वाटायचं, बाई सावध आहे, चालत्या गाडीला खीळ घालत नाही. तिच्या धाकट्या बहिणीला मात्र वेगळं ठाऊक होतं.

पंपांचा प्रोग्राम याच जुन्या सिस्टिमवर तिच्या एका सहकाऱ्यानं लिहिला होता; सगळे त्यांना दाढीवाले म्हणायचे. त्यांचं टेबल याच खोलीत, तिच्या टेबलाला काटकोनात. प्रोग्राम अडला की ते गप्प व्हायचे आणि ती न बोलता चहा ओतायची. एकमेकांना कायम अहो-जाहो. लग्नाचं कोणी विचारलं की दोघंही एकदमच कामात गढून जायचे. मग त्यांना परदेशात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी जिन्यात थांबून ते म्हणाले, "तू येशील का?"

त्यांच्या तोंडून "तू" पहिल्यांदाच आलं. घरी तिचे वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. धाकटीचं शिक्षण चालू. ती म्हणाली, "बघू."

वडील पुढे पुष्कळ जगले. दाढीवाल्यांचे फोन आधी आठवड्याला, मग सणासुदीला, मग नाहीच. त्यांचं लग्न झाल्याचं कळलं तेव्हा ताई म्हणाली, "बरं झालं," आणि दिवसभर पंख्यांची धूळ पुसत बसली. संगणकावरचं त्यांचं खातं तेवढं तिनं तसंच ठेवलं. खात्यांच्या यादीवरून नजर फिरवताना ते दिसायचं. बस, तेवढंच.

यंदा कंपनीनं कळवलं की जुन्या आवृत्तीच्या दुरुस्त्या आता थांबणार. साहेब स्वतः खाली आले. "आता मात्र बदलायलाच हवं, ताई."

"बदलू. पण आधी जुनीला नीट तयार करते. अर्धवट अवस्थेत तिच्यावर नवी चढवली तर दोन्ही बुडतील."

तिनं जुनीत शेवटच्या दुरुस्तीपर्यंत सगळं बसवलं. डिस्कवर जागा केली. कधीकाळी बाहेरून आणून डकवलेले प्रोग्राम काढले. वापरात नसलेली खाती बंद केली. एक सोडून.

मग दुसऱ्या संगणकावर नवी आवृत्ती चढवून पाहिली. सगळं चाललं, पण टेकडीवरच्या टाकीत पाणी शून्य दाखवू लागलं. टाकी तर तुडुंब. तिनं दोन दिवस डोकेफोड केली आणि शेवटी दाढीवाल्यांना मेल केला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"अजून चालतंय ते?" त्यांनी विचारलं. आवाज थोडा जाड झाला होता.

"चालवतेय."

"तुम्ही कमाल करता. टाकीची तार संगणकाला जिथं जोडलीय, ते पोर्ट बघा. मी प्रोग्राममध्ये त्याचं नाव थेट लिहून टाकलं होतं. नव्या आवृत्तीत ते नाव बदललं असणार."

तिनं बघितलं. तसंच होतं. एक ओळ बदलल्यावर टाकी पडद्यावर भरली. काम संपलं होतं, पण फोन कोणी ठेवेना. ते "तुम्ही" तिच्या मनात टोचत राहिलं.

"नदीकडचा पंप अजून तसाच घुरघुरतो?" त्यांनी विचारलं.

तिनं खिडकी उघडून फोन बाहेर धरला. परत कानाला लावला तेव्हा पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"तुमचं खातं अजून आहे इथं," ती म्हणाली. "बंद करायला हवं."

"अजून आहे? मला तर पासवर्डही आठवत नाही."

"मला तो कधीच माहीत नव्हता."

दोघंही हसले. मग ते म्हणाले, "तुम्हीच करा बंद. मी तिथं असतो तर माझ्याच्यानं झालं नसतं."

रविवारी दुपारी शहर सुस्तावलेलं असताना तिनं मुख्य संगणक बदलायला घेतला. तोवर पंपवाले मामा सगळे पंप हातानं चालवत होते आणि घटकेघटकेला फोन करत होते. "ताई, झालं का? माझा हात आता पंपाचाच दांडा झालाय!"

"दम धरा, मामा. लेकरू कूस बदलतंय."

नवी आवृत्ती उभी राहिली. टाक्या एकेक करून पडद्यावर आल्या, पंपांचा ताबा संगणकानं घेतला. मामांनी फोनवरून देवाचं नाव घेतलं. ताईनं यादी उघडली, त्या खात्यावर आली आणि ते बंद केलं. खात्री आहे का, असं संगणकानं विचारलं. तिनं हो म्हटलं आणि मग टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडली. वर साहेबांना कळवायला जाताना तोंड धुऊन गेली.

आता नवी सिस्टिम स्वतःच्या दुरुस्त्या बहुतेक स्वतःच आणते. ताईच्या दुपारी मोकळ्या पडल्यात आणि त्या तिला खायला उठतात. बहीण म्हणते, माझ्याकडे ये, चार दिवस राहा. ती जातेही, पण परत लवकर येते. खोलीतला फोन वाजला की ती पहिल्या घंटेलाच उचलते. बहुतेक वेळा पंपवाले मामाच असतात.