टीव्हीच्या भिंतीतलं धान

धनलालकाकांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. मध्य प्रदेशातल्या लांजीचे हे गवंडी माझ्या नात्यागोत्यातले नव्हते. तरी मुंबईला टीव्हीचा स्टुडिओ बांधायला निघालेल्या आपल्या टोळीत त्यांनी मला घेतलं, आणि पुढे माझ्यासाठी जे केलं ते घरच्यांनीही केलं नसतं.

माझी शाळा सातवीतच सुटलेली. रामपायलीहून बसने वैनगंगा ओलांडून बालाघाटला आलो. आईने पिशवीत लाखोळीच्या डाळीचे वडे आणि नव्या धानाच्या लोंब्यांची (कणसांची) जुडी दिली होती. काका छोट्या लाईनीच्या गाडीपाशी उभे होते.

"काहून (का) रे, तोंड असं? फाशी जाऊन राह्यला काय?"

"भेव लागते, काका."

"मग वडे काढ. मले बी लागते."

गोंदियाला मोठी गाडी धरली. डब्यात आमच्या टोळीची एकच चर्चा, टीव्ही दिसतो कसा. आमच्यापैकी कोणी तो पाहिला नव्हता.

स्टुडिओ पाहून तर मी हिरमुसलोच. ते एका बंद पडलेल्या कापडगिरणीचं गोदाम होतं. जाड दगडी भिंती, वर पत्रे, रुईचा कुबट वास. त्या भिंती तशाच ठेवून आत दुसरी खोली उभी करायची होती, बाहेरच्या भिंतीला कुठेही न टेकणारी. मधल्या पोकळीत काचेचा कापूस भरायचा, त्यावर भोकाभोकांच्या फळ्या ठोकायच्या. तो कापूस अंगाला इतका खाजायचा की उसळपाव खातानाही एक हात पाठीवरच. खिडकी एकही नाही. एकामागे एक दोन जड दारं. छताला दिव्यांसाठी लोखंडी जाळी, आणि वर इंजिनिअरसाहेबांची काचेची खोली. आत उभं राहिलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. मला तिथे करमायचं नाही.

पण त्याच दारावर कायमची नोकरी निघणार होती. लाल दिवा लागला की कोणाला आत सोडायचं नाही, एवढंच काम. काकांनी सुपरवायझरकडे माझ्यासाठी शब्द टाकला. "भित्रं हाय साहेब, म्हणूनच दार सोडणार नाही," म्हणाले. साहेब हसले, हो म्हणाले.

आमच्याकडे घराची चौकट बसली की तिला धान बांधतात. स्टुडिओची चौकट बसली तेव्हा काकांनी माझी जुडी मागितली आणि बांधली. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते.

"काढा ते गवत," सुपरवायझर म्हणाले.

काकांनी काढली. टाकायला कचऱ्याचा ढीग शेजारीच होता.

"धान पायाखाली येऊ द्याचं नाही, बाबू," म्हणत त्यांनी ती भिंतीच्या पोकळीत खोचली आणि वर फळी ठोकली.

आवाजाच्या चाचणीच्या दिवशी सगळे गप्प उभे होते. वरच्या इंजिनिअरने कानावरचं यंत्र काढलं, पुन्हा लावलं. मग आम्हालाही ऐकू आलं. कुर्र, कुर्र. फळी उचकटली तसा उंदीर उडी मारून पळाला. आत नुसती टरफलं.

"इथे काय खळं मांडलंय?" सुपरवायझर ओरडले. "एमपीवाल्यांना मराठी तरी समजतं का?"

"साहेब, आमी मराठीतच बोलून राह्यलो," टोळीतलं कोणीतरी म्हणालं. वरून कोणी हसलं.

मी पुढे झालो. "धान माझ्या घरचं..."

"येडं हाय ते पोरगं," काकांनी मला मागे ओढलं. "मीच खोचलं, मीच फळी ठोकली. मी जातो. त्याले दारावर राहू द्या."

सुपरवायझरनी मान डोलावली. काका त्याच संध्याकाळी निघाले. मी स्टेशनवर रडलो तर म्हणाले, "आता तोंड धू. नोकरीवाला माणूस हाय तू."

दाराला रंग लागला आणि दारावर दुसराच माणूस उभा राहिला. "येणाऱ्या मोठ्या लोकांशी बोलायला भाषा नीट लागते," मला सांगण्यात आलं. जी चौकट खांद्यावरून आणली होती, तिच्यातून त्याने मला पिशवी घ्यायलाही आत जाऊ दिलं नाही.

बालाघाटला उतरलो तो घरी न जाता लांजीची बस धरली. काका नव्हते. काकू म्हणाल्या, "भिलाईले गेले कामाले. तुह्या नोकरीची साखर वाटून गेले गावभर. सुट्टीवर आला काय तू?"

मी भिंतीकडे पाहत राहिलो. काकांच्या घराच्या भिंती कुडाच्या, बांबूच्या तट्ट्यांना माती लिंपलेल्या. शेजारची भांडी, कोंबड्या, भांडण, सगळं आत ऐकू येत होतं.

काका, कधीतरी या घराला विटांची भिंत मी घालीन. चौकटीला आमच्या शेतातलं धान बांधीन. ते काढा म्हणणारा तिथे कोणी नसेल.