वर्षावासातलं एक पान

त्या वर्षी मी विहारात जात होते ते श्रद्धेनं नव्हे, सासूबाईंच्या धाकानं. खोटं कशाला सांगू? माझी बारा वर्षांची मुलगी काविळीनं गेली, त्याला वर्षही झालं नव्हतं. उल्हासनगरच्या इस्पितळात आठ दिवस ठेवली होती. त्यानंतर दुःखाबद्दल कुणी चार शब्द सांगू लागलं की माझं डोकं फिरायचं. सांगायला काय जातंय!

मला वाचायला तिनंच शिकवलं होतं. अंबरनाथच्या आमच्या खोलीत मी उल्हासनगरहून आलेल्या जीन पँटींचे लोंबते दोरे कापत बसायचे आणि ती शेजारी बसून माझी मास्तरीण व्हायची. मी चुकले की कपाळाला हात लावायची. दोन वर्षांत मी जोडाक्षरांपर्यंत पोचले. ती गेली आणि मी अक्षराकडे बघणंच सोडलं. दुकानाची पाटी दिसली तरी मान वळवायचे. वाटायचं, तिच्याशिवाय वाचता आलं तर ती खरंच गेली म्हणायची.

सासूबाईंचा तर मला रागच होता. नातीच्या मातीला त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उठून त्यांनी सगळ्यांसाठी भाकऱ्या थापल्या, हे मी मनात धरून ठेवलं होतं.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. एक निवृत्त गुरुजी वाचायचे. एके दिवशी त्यांचा घसा बसला. बसक्या आवाजात त्यांनी विचारलं, "आज कुणी वाचतंय का?" बाया एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "माझी सून वाचंल." धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. पण भरल्या विहारात त्यांचा शब्द मोडवेना.

मी बोट ठेवून अडखळत वाचू लागले. मागं कुणीतरी खुदकन हसलंही. पुढं मजकूर मरणाचा आला. ते कुणाचंच घर चुकवत नाही, लहानथोर बघत नाही, असं काहीसं होतं. गुरुजींच्या तोंडून हे मी कितीदा ऐकलं होतं आणि या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं. आता अक्षर अक्षर जुळवून ते मलाच म्हणायचं होतं. म्हटलं, आणि हुंदका फुटला. ओळी दिसेनात. मी ग्रंथ मिटायला गेले.

सासूबाईंनी मिटू दिला नाही. त्या सरकत जवळ आल्या. त्यांना एक अक्षर येत नव्हतं, पण मी जिथं थांबले होते नेमकं तिथं त्यांनी आपलं बोट ठेवलं. "रड, पोरी. जागा मी धरलीय."

कुणी घाई केली नाही. किती वेळ रडले कोण जाणे. डोळे पुसून पाहिलं तर ते बोट तिथंच होतं. सासूबाईंचे गाल ओले होते.

"आता वाच," त्या म्हणाल्या. "माझ्या नातीनं शिकवलंय तुला. वाया घालवू नको."

मी ते पान पुरं केलं.

आमच्या धम्मात चमत्काराला जागा नाही आणि मीही याला चमत्कार म्हणत नाही. पुढं वाचनालयातून मी कितीतरी पुस्तकं आणून वाचली, पण मला वाकवलं ते त्या एका पानानं. दुःख एकटीनंच धरून ठेवायचं, हा माझा हट्ट त्या संध्याकाळी सुटला. सासूबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा घसा मोकळा झाला होता. तरी त्यांनी ग्रंथ माझ्यापुढं सरकवला. सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि मी पान उघडलं.