वसुबारसेच्या आधीचा कंदील

"बाबा, फ्रिज उघडू?"

दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी नाहूरच्या माझ्या घरी राहायला आली आणि आल्या आल्या तिने हे विचारलं. मी म्हटलं, "अगं, विचारतेस काय? आपलंच घर आहे." तिने शहाण्यासारखी मान हलवली, पाणी प्यायली, बाटली होती तिथे ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा, "बाबा, पंखा लावू?" आठ वर्षांची पोर. बोरिवलीच्या घरी हिची एक चप्पल दारात असायची आणि दुसरी सोफ्याखाली. इथे दोन्ही चपला दाराबाहेर, भिंतीला लागून, जोडीने ठेवलेल्या. त्या नीट ठेवलेल्या चपलांचा मला इतका राग आला की काय सांगू.

बोरिवलीचं घर आधी आम्हा तिघांचं होतं. आता ते तिचं आणि तिच्या आईचं आहे. मी इथे वन रूम किचनमध्ये भाड्याने राहतो. दिवाळी एक वर्ष आईकडे आणि एक वर्ष माझ्याकडे, असं आम्ही ठरवून घेतलंय. यंदा आईची पाळी. मला मिळाले ते सुट्टीचे आधीचे दिवस, वसुबारसेच्या दुपारपर्यंत. तेवढ्यात मला फार काही नको होतं. तिने जायच्या आत या घरातली एखादी तरी वस्तू मला न विचारता घ्यावी, बस.

आता हे काही पोरीला सांगून होत नाही. मग मी बेत केला की दोघांनी मिळून नानकटाई करायची आणि कंदील बनवायचा. हात खरकटे झाले, घरभर पसारा झाला की पाहुणेपण आपोआप सुटतं, असा माझा हिशोब होता. मला यातलं काहीही येत नाही ही गोष्ट मी त्यात धरली नव्हती.

ओव्हन माझ्याकडे नाही. माझी आई कुकरमध्ये मीठ पसरून, शिटी आणि रिंग काढून नानकटाई भाजायची, ते मी लहानपणी बघितलेलं. तूप फेसायचं असतं एवढंही आठवत होतं. फेसायला सोपं जाईल म्हणून मी ते आधी गरम करून पातळ केलं. त्यात मैदा, पिठीसाखर आणि वेलची घालून लेकीने एकसारखे गोळे वळले, प्रत्येकावर बोटाने खळगा केला, त्यात पिस्त्याचा तुकडा बसवला. अर्ध्या तासाने झाकण काढलं तर आत गोळे नव्हतेच. ताटलीभर एकच पसरट नानकटाई, आणि तिच्यात ठिकठिकाणी पिस्ते.

"बाबा, ही तर भाकरी झाली," ती म्हणाली. मला हसू फुटलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, हसलं तर चालेल ना याचा अंदाज घेतला आणि मग हसली. मग एक तुकडा मोडून खाल्ला. "छान लागते," म्हणाली. मध्ये कच्चं पीठ होतं. ती सरळ शी म्हणून थुंकली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

दुसऱ्या घाण्याला थिजलेलं तूप घेतलं. ते परातीत तळहाताने तिनेच फेसलं, पांढरं होईपर्यंत. हात दुखले तरी बोलली नाही. या वेळी नानकटाया नानकटायांसारख्या झाल्या, फक्त अर्ध्याअधिक खालून करपल्या. तिने एकेक उलटी करून बघितली आणि चांगल्या तेवढ्या डब्यात भरल्या.

"या आईला नेते. तिला करपलेलं चालत नाही. तुला चालतं ना?"

"चालतं," मी म्हणालो.

कंदिलाला मुलुंडच्या बाजारातून बांबूच्या कामट्या आणल्या, पतंगी कागद आणला आणि मैद्याची खळ शिजवली. खळ उन्हाळ्यासारख्या या उकाड्यात आंबेल म्हणून वाटी फ्रिजमध्ये ठेवत होतो. दर वेळी ती काढताना, "बाबा, उघडू?" मी 'उघड' म्हणायचं सोडून नुसती मान हलवायला लागलो. तर मी बघेपर्यंत ती थांबून राहायची.

कंदील एका बाजूला कलला होता, झिरमिळ्या लहानमोठ्या होत्या, पण कंदील झाला. खिडकीच्या ग्रिलला बांधला. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, "लावूया का?"

"नाही. वसुबारसेच्या संध्याकाळी लावायचा असतो. आजीचा नियम आहे. तूच सांगितलंस ना?"

सांगितलं होतं खरं. बोरिवलीला असताना एका वर्षी ती कंदील लावायचा म्हणून हट्ट करून बसली होती, तेव्हा मीच माझ्या आईचा नियम पुढे केला होता. आता तोच माझ्या गळ्यात आला. मी म्हटलं, "पण उद्या संध्याकाळी तू इथे नसणार गं."

"मग फोनवर दाखव ना," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने तो प्रश्न सुटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची बॅग भरून झाली आणि मला राहवेना. म्हटलं, बल्ब चालतो का ते तर तपासायला हवं. तपासणं म्हणजे लावणं नाही, हे तिला पटलं. बटण दाबलं, पण खिडकीत एवढं ऊन होतं की काहीच दिसेना. मग कंदील सोडवून खाली फरशीवर घेतला आणि आम्ही दोघं डोक्यावरून चादर ओढून बसलो. आत सगळं लाल आणि पिवळं झालं. तिच्या नाकाच्या शेंड्यावर हिरवा ठिपका पडला. ती माझ्या गुडघ्याला टेकली. मला वाटलं, झालं, आता काही नको.

"बाबा, इथे भोक राहिलंय. थांब, खळ आणते."

ती चादरीतून सुटली आणि धावत सुटली. मी आत तसाच बसून राहिलो, हललोसुद्धा नाही. पावलं फ्रिजपाशी गेली. तिथे थांबली.

"बाबा, उघडू?"

"उघड," मी चादरीतूनच म्हणालो. बाहेर तोंड काढायची माझी हिंमत नव्हती.

तिची आई वर येत नाही, खाली आल्याचा मेसेज करते. तो आला. लेकीने मला घट्ट मिठी मारली, डबा घेतला, चपला घातल्या आणि लिफ्ट येईपर्यंत हात हलवत राहिली. तिचं माझ्यावर प्रेम नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे व्हिडिओ कॉल केला. तिने एक, दोन, तीन म्हटलं आणि मी बटण दाबलं. "झकास दिसतोय," ती म्हणाली, "थोडा वाकडा आहे, पण झकास." मग शाळेचं, मैत्रिणीचं, काय काय सांगत ती घरभर फिरायला लागली. मागे बोरिवलीचं स्वयंपाकघर दिसलं. मी घेतलेला तो जुना फ्रिज. त्याचं रबर सैल झालंय, दार नीट लागत नाही.

तिने बोलता बोलता फ्रिज उघडला, बाटली काढून तोंडाला लावली, हनुवटीवरचं पाणी बाहीला पुसलं आणि दाराला कमरेने धक्का देऊन ते लावून टाकलं.

"बोल ना, बाबा," ती म्हणाली, "गप्प का झालास?"