पूजेतला अडकित्ता आणि लाल टेपची केबल

"आप्पा, मशीन बंद करा. आधी बंद करा!" मी फोनवर ओरडले. हार्ड डिस्कची करकर साताऱ्याहून फोनमधून कुपवाडला ऐकू येत होती. म्हणजे तिथं खोलीत काय चाललं असेल, याचा अंदाज करा.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. मी सांगलीजवळ कुपवाडच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात सर्व्हिस इंजिनिअर होते. मी कुणाच्या दारात उभी राहिले की लोक माझ्या मागे बघायचे, खरा इंजिनिअर मागून येतोय का म्हणून. आप्पांनी तसं कधी बघितलं नाही, म्हणून ते माझे लाडके कस्टमर. पाटबंधारे खात्यात सांगलीला नोकरी झाली आणि रिटायर होऊन ते साताऱ्याला राहायला गेले. कॉम्प्युटर मात्र आमच्याकडूनच घ्यायचे.

त्यांच्या घरी दोन मशीन होती. एक आम्ही नुकतंच दिलेलं, नवंकोरं. दुसरं त्यांच्या लेकीचं, मंजूचं. मंजू लग्न होऊन अमेरिकेला गेली त्याला दोन वर्षं झाली होती. जाण्याआधीच्या नवरात्रात तिनं माइक लावून हादग्याची गाणी त्या मशीनमध्ये भरून ठेवली होती, आईसोबत म्हटलेली. ती आई, म्हणजे काकू, रोज संध्याकाळी गाणी लावून बसत. आणि आता तीच डिस्क करकरत होती.

फ्लॉपीत एक कडवंसुद्धा मावत नसे. सीडी लिहायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. डिस्क काढून नव्या मशीनला लावावी, तर हलवताना ती दगावायची भीती. एकच रस्ता उरला, दोन्ही कॉम्प्युटर केबलनं जोडायचे आणि गाणी इकडून तिकडे ओढायची.

मी बॅग उचलली, आणि तिथंच घोडं अडलं. त्या दिवशी खंडेनवमी होती. दुकानातली सगळी हत्यारं पाटावर मांडून, झेंडू वाहून, हळदकुंकू लावून बसली होती. त्यात माझं क्रिम्पिंग टूलही होतं. केबलच्या टोकाला प्लग बसवायचा तो चिमटा.

"ते मला लागेल," मी म्हणाले.

"पूजेतलं हत्यार उद्या दसऱ्याला उचलायचं," मालक म्हणाले. "तयार क्रॉस केबल घेऊन जा की. लाल टेपवाली."

इथं दोन ओळीत समजावते, पुढं लागेल. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. दोन्ही टोकांना रंग एकाच क्रमानं बसवले की ती सरळ केबल. ती कॉम्प्युटर आणि हब, म्हणजे अनेक कॉम्प्युटर एकत्र जोडायचा डबा, यांच्यामध्ये लावायची. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर सरळ चालत नाही, कारण दोघांची बोलायची तार एकच आणि ऐकायची तारही एकच. मग एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला न्यावी लागते. ती क्रॉस केबल. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून आमच्या दुकानात क्रॉसच्या टोकाला लाल टेप गुंडाळायची पद्धत.

मी लाल टेपवाली केबल बॅगेत टाकली आणि एसटी पकडली.

साताऱ्यात काकूंनी पाणी दिलं, गूळ दिला, आणि मी ते संपवेपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत बसल्या. "निगंल न्हवं गं पोरी?" एवढंच विचारलं.

मी नाण्यानं स्क्रू फिरवून दोन्ही मशीनमध्ये नेटवर्कची कार्डं बसवली, केबल लावली आणि जीव मुठीत धरून जुनं मशीन चालू केलं. डिस्क करकरली, पण उठली. कार्डावर हिरवा दिवा लागला की समजायचं, जोडणी झाली. दिवा लागला नाही. केबल काढून परत लावली, तरी नाही. मग दोन्ही प्लग शेजारी शेजारी धरून बघितले. रंग अगदी एका क्रमानं. सरळ केबल!

नंतर कळलं ते असं, की पूजेआधी मालकांच्या आईंनी दुकान लख्ख केलं होतं. चिकट, काळवंडलेल्या टेपा दिसल्या, त्या काढून टाकल्या. मालकांनी नव्या टेपा लावल्या, अंदाजानं. चूक माझी नव्हती, हे मी आजही ठणकावून सांगते.

पण तेव्हा करायचं काय? साताऱ्यात तयार केबल मिळायची नाही. सांगलीला जाऊन यायचं तर दिवस गेला, आणि ही डिस्क पुन्हा उठेल याची खात्री मी तर देणार नव्हते. मी दोघांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे दोगं बी बोलत्यात, आयकत कुनीच न्हाई," काकू म्हणाल्या आणि आप्पांकडे बघितलं. आप्पांनी चष्मा पुसायला घेतला.

"केबल मधोमध कापून तारा हातानं उलटसुलट जोडल्या तर चालेल," मी म्हणाले. "सुरी द्या एखादी."

दोघांनी कोपऱ्याकडे बघितलं. मग माझंही लक्ष तिकडे गेलं. विळी, सुरी, कात्री, कोयता, अडकित्ता, सगळं पाटावर झेंडूखाली. आप्पांचा दाढीचा वस्तरासुद्धा तिथंच. त्या घरात आज काही चिरायचं नव्हतं, भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली.

"शेजारी बगून यिऊ का?" आप्पा म्हणाले.

"शेजारी तरी काय येगळं असनार हाय?" काकू म्हणाल्या.

जुनं मशीन करकरत होतं. काकू उठल्या. पाटापुढं बसून नमस्कार केला आणि अडकित्ता उचलला. त्याच्यावरचं फूल हळूच कोयत्यावर ठेवलं.

"आगं, पूजेतला हाय त्यो!" आप्पा म्हणाले.

"म्हाईत हाय मला. देवी बी कुनाची तरी लेकच हाय. तिला कळतंय." आणि माझ्या हातात अडकित्ता देऊन म्हणाल्या, "काप."

मी केबल कापली. तारांची सालं दातांनी सोलली. इकडची नारिंगी जोडी तिकडच्या हिरव्या जोडीला, इकडची हिरवी तिकडच्या नारिंगीला, पीळ घालून. वर औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी. कुठल्याही पुस्तकात असली जोडणी सांगितलेली नाही.

हिरवा दिवा लागला.

"आदी खिरापतीचं घे," काकू म्हणाल्या. "बाकीचं मागनं."

हादग्याची गाणी संपली की खिरापत, म्हणजे झाकलेला प्रसाद, ओळखायला लावतात, त्या गाण्याची फाइल मी आधी ओढली. पडद्यावर एका फोल्डरमधून दुसऱ्यात कागद उडत होते, आणि काकू त्या कागदांकडे पापणी न हलवता बघत होत्या. खिरापत आली, मागोमाग बाकीची गाणी आली. शेवटची दोन राहिली तेव्हा डिस्कनं एक लांब कण्हल्यासारखा आवाज काढला आणि गप्प झाली. ती पुन्हा उठली नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर काकूंनी हातानंच थांबवलं. "लाव."

मी नव्या मशीनवर पहिली फाइल लावली. गाणं संपलं, हसणं ऐकू आलं, आणि मंजूचा आवाज आला, "आई, खिरापत तिखट का गोड?"

"गोड हाय, बाई, गोड," काकू स्पीकरला म्हणाल्या.

आप्पा उठून बाहेर गेले. मी केबल गुंडाळत बसले, कारण वर बघायची माझी हिंमत नव्हती. मला माझी आई आठवत होती. शिरवळला एकटीच असते. दसऱ्याला येते का म्हणून तिनं विचारलं होतं, आणि सुट्टी नाही, असं मी सांगितलं होतं.

निघताना काकूंनी अडकित्ता पदरानं पुसून पाटावर ठेवला. मग माझ्या हातातली चिकटपट्टीची केबल घेतली, तीही त्याच्या शेजारी ठेवली आणि तिला हळदकुंकू लावलं.

साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली होती. दसऱ्याला सकाळी दुकान उघडायला मालकांनी मला बोलावलं होतं. मी पुण्याच्या गाडीत बसले आणि वाटेत शिरवळला उतरले.

आईनं दार उघडलं. "सुट्टी न्हाई म्हनली हुतीस की," ती म्हणाली आणि तशीच दारात उभी राहिली. मी तिचा हात धरून तिला आत नेलं.

मालक माझ्यावर आठवडाभर धुमसत होते. आता क्रॉस केबलचं कुणाला नाव माहीत नाही. कुठलीही लावा, नवी मशीन बोलायची तार कुठली आणि ऐकायची कुठली ते आपलं आपण ठरवतात. तरीही नव्या पोरांना मी एक सांगते. खंडेनवमीला पाटावर हवं ते मांडा, पण टूल दोन घ्या. एक पूजेत, एक बॅगेत. आणि घरी जायला सुट्टी मागत बसू नका.