पिंगळे साहेबांची छत्री

लालमियाँ दर्जी लढाईवर जाऊन आले, हे तीर्थपुरीत सगळ्यांना माहीत होतं. पण तिथे त्यांनी काय केलं असं विचारलं की लोक हसायचे. "छत्र्या शिवत होते म्हणे," असं सांगायचे. मी १९४६ साली लग्न होऊन पुण्याहून इथे आले, तेव्हा मलाही वाटलं, पावसाला एवढ्या घाबरणाऱ्या इंग्रजांनी लढाई जिंकली तरी कशी? तेव्हा मी मॅट्रिक होते आणि त्याची मला घमेंड होती, हे आधीच कबूल करते.

ती छत्री म्हणजे हवाई छत्री, पॅराशूट. त्रेचाळीस साली लालमियाँ कामाच्या शोधात सिकंदराबादेला गेले. तिथून एका मुकादमाने काही दर्जी दूर दक्षिणेत, कोइमतूरकडे नेले. तिथे इंग्रजी आरमाराच्या विमानांचा तळ होता. आरमाराची विमानं म्हणजे जहाजावरून उडायची आणि जहाजावरच परत उतरायची.

"चालत्या जहाजावर?" मी विचारलं.

"चालत्या. आन् ते जहाज बी डुलत राह्यतं, वयनीसाब. वरून पाह्यलं तर पाटाएवढं दिसतं म्हने."

लालमियाँनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांनी पाहिला होता तो पिंगळे साहेब. वय तेवीस, तोंडावर मसुराची डाळ सांडल्यासारखे ठिपके. त्याने शत्रूची चार विमानं पाडली होती. एकदा तर पंखाला हात जाईल एवढं भोक पडलेलं असताना तो त्या पाटाएवढ्या जहाजावर उतरला. राजाने त्याला चांदीचा क्रूस दिला. पदकाची निळी-पांढरी-निळी फीत कोटावर लावायची होती, ती लालमियाँनी शिवली.

"दोन बोटांचं काम, पन मी आधी तीनदा हात धुतले. वाटलं, ह्या माणसाच्या छातीला सुई लावायची आपली लायकी हाय का?"

ते ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. गावाचंही तेच. पिंगळे म्हटल्यावर तो अंबडच्या पिंगळ्यांपैकीच, याबद्दल कोणाला शंका नव्हती. अंबडच्या पिंगळ्यांनीही कधी नाही म्हटलं नाही. आमच्या चुलतघराण्यातला, असं ते बिनदिक्कत सांगायचे! मी एकदोनदा म्हणाले, अहो, इंग्रजांच्या आरमारात आपला पिंगळे कुठला? पण पुण्याच्या सुनेचं कोण ऐकतो?

लालमियाँ एक गोष्ट मात्र सांगत नसत. ती मला त्यांच्या बायकोने, इमामबीने सांगितली. एका दुपारी शिवलेले पोलके द्यायला ती आली होती आणि बोलता बोलता रडायलाच लागली.

छत्रीची घडी घालताना रेशीम सरकू नये म्हणून शिशाचे छर्रे भरलेल्या लांबट पिशव्या त्यावर ठेवतात. सहा ठेवायच्या आणि सहा मोजून परत घ्यायच्या. एखादी आत राहिली तर छत्री अडकू शकते आणि माणूस सरळ खाली जातो. एके दिवशी फार घाई होती. लालमियाँनी पिंगळे साहेबांच्या छत्रीची घडी घातली आणि न मोजताच ती देऊन टाकली. मागून मोजल्या तर पिशव्या पाच. साहेब तोवर विमान घेऊन जहाजाकडे गेला होता. लालमियाँनी तोंड उघडलं असतं तर तारेने निरोप गेला असता. पण भीतीने त्यांची जीभ उचलली नाही. आठपंधरा दिवसांनी तळावर बातमी आली की सुमात्राच्या हल्ल्यातून पिंगळे साहेब परतला नाही. त्याच आठवड्यात लालमियाँ काम सोडून घरी आले.

"म्हन्तेत, मी मारला त्याला," इमामबी म्हणाली. "नमाजाला बसले का उठतच न्हाई लवकर. मी काय करू?"

 इतकी इंग्रजी पुस्तकं वाचली होती, पण मी नुसता पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. चौकात बसून साहेबाचे पराक्रम सांगणारे लालमियाँ आपल्या हातून मेलेल्या माणसाचं नाव जिवंत ठेवत होते, हे तेव्हा कळलं आणि त्यांना हसलेलं सगळं आठवून माझीच मला लाज वाटली.

सत्तेचाळीसच्या वैशाखात त्यांच्या नावाने विलायतेचं टपाल आलं. पाकिटावर इतके शिक्के होते की पत्ता शोधावा लागत होता. गावात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, म्हणून माझे सासरे काकासाहेब यांनी लालमियाँना आमच्या ओसरीवर बोलावलं. मागोमाग दहाबारा माणसं आली. लालमियाँ खाली मान घालून खांबाजवळ बसले. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, पाकीट फोडलं आणि सवयीप्रमाणे आधी खालची सही वाचली. अगदी शुद्ध उच्चारात.

"लेफ्टनंट पेंगेली यांचं पत्र आहे."

लालमियाँनी मान वर केली. "कोन?"

"पेंगेली."

"ह्या नावाचा साहेब मला ठावा न्हाई," ते म्हणाले आणि उठलेच. "दुसऱ्या कुन्या लालमियाँचं आसंल. परत धाडा, वयनीसाब."

ते पायरी उतरायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटलेली आशा विझलेली मी पाहिली आणि तरी मला उमजलं नाही! पाकिटातून एक जाड कार्ड माझ्या मांडीवर पडलं. खाऱ्या पाण्याने त्याचा रंग गेला होता आणि त्यावर उर्दूत काही लिहिलं होतं. मला उर्दू येत नव्हतं. काकासाहेबांचं सारं शिक्षण उर्दूत. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

"लालमियाँ वल्द चाँदमियाँ, दर्जी," त्यांनी वाचलं. "अरे थांब, ही तर तुझी सही हाय."

घडी घालणाऱ्याने आपलं नाव कार्डावर लिहून छत्रीच्या खिशात ठेवायचं, असा तिथला कायदा होता. लालमियाँ पायरीवरच खाली बसले. तेव्हा कुठे माझ्या शहाण्या डोक्यात उजेड पडला.

"पिंगळे साहेब," मी म्हणाले. "लालमियाँभाई, तुमच्या पिंगळे साहेबांचंच पत्र आहे. साहेब जिवंत आहेत."

मग मी वाचत गेले. सुमात्राच्या किनाऱ्याजवळ विमान पेटलं. त्याने उडी मारली. छत्री उघडली. तीस तास तो रबरी होडीत होता. मग एका पाणबुडीने त्याला उचललं. तेच पदक त्याला दुसऱ्यांदा मिळालं, म्हणून आता त्या फितीवर चांदीचं फूल आहे. राजाने हात मिळवला, तेव्हा मला तुझी आठवण झाली, असं त्याने लिहिलं होतं.  तीर्थपुरीच्या दर्ज्याची आठवण राजाच्या महालात निघाली, हे ऐकून काकासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पुढचं वाक्य मी मनात वाचलं आणि थांबले. एवढ्या लोकांपुढे ते वाचावं की गाळावं, मला कळेना. लालमियाँ माझ्याकडेच बघत होते.

"पिशवीचं लिव्हलंय ना?" ते म्हणाले. "वाचा. सगळ्यायला ऐकू द्या."

मी वाचलं. "छत्री उघडताना आतून एक लहानशी जड पिशवी निसटली आणि माझ्या गालावर आपटली. खूण अजून आहे. मी हे तळावर कोणाला सांगितलं नाही. तुलाच लिहितो आहे, कारण तू पिशव्या मोजत बसला असशील."

लालमियाँच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. त्यांनी विचारलं, "कोन्त्या गालावर?"

मी पत्रात पाहिलं. "उजव्या."

त्यांनी आपला हात उजव्या गालावर ठेवला आणि तो तसाच ठेवून ते घरी गेले.