न लागणारी गाडी

क्लचबाईंच्या मालकीची गाडी कधीच नव्हती. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली, पण ती ड्रायव्हिंग स्कूलच्या चिमुकल्या, चारी बाजूंनी पोचे आलेल्या गाड्यांत, शेजारच्या सीटवर बसून. त्या सीटपुढे जादाचा ब्रेक आणि जादाचा क्लच असायचा आणि बाईंचे दोन्ही पाय त्यांवर सदैव तयारीत. "क्लच! क्लच दाबा! अहो, तो ब्रेक झाला, क्लच!" हे दिवसभर चालायचं, म्हणून त्या क्लचबाई. खरं नाव बहुतेकांना परवाना हातात पडेपर्यंतही कळलेलं नसायचं.

निवृत्त झाल्या तेव्हा स्कूलने हातावर ठेवलेली रक्कम बेताची होती आणि आवाज पार घोगरा झालेला. घशाच्या डॉक्टरांनी बजावलं, "आता आवाज जपून वापरायचा. ओरडणं साफ बंद."

"ओरडायला आता उरलंय कोण?" बाई म्हणाल्या. "नवरा? त्याच्यावर ओरडून उपयोग असता तर केव्हाच झाला असता."

नवरा कवळ्या करायचा. मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेण, दातांच्या डब्या आणि बारीक कानशी. गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, कवळ्या होऊन परत जायचे. कवळीवाले माणूस शांत, हाताला विलक्षण नेटके. खोट म्हणाल तर एकच. त्यांना गाडी लागायची. बस लागायची, रेल्वे लागायची, एकदा तर जत्रेतला पाळणा नुसता बघून लागला होता. लग्नाच्या दिवशी भाड्याच्या मोटारीतून घरी येताना नवरदेवाने दोनदा गाडी थांबवायला लावली आणि दुसऱ्या वेळी नव्या नवरीने रस्त्याकडेला त्यांचं कपाळ धरलं. त्यानंतर त्या माणसाचं जग जवळजवळ पायी जाता येईल तेवढंच राहिलं. बाईंनी ते मान्य केलं. कुढत बसायला वेळ कुणाला होता?

पण लेक लांब गेली. दूरच्या डोंगरातल्या एका गावात हवामान केंद्रावर तिला नोकरी लागली. सबंध दिवसाचा रस्ता, शेवटचा सगळा घाट. वर्षातून एकदा तीच यायची. दर रविवारी तिचा फोन आला की कवळीवाल्यांचा प्रश्न ठरलेला.

"आत्ता कुठं बसलीयेस?"

"खिडकीजवळ, बाबा."

"खुर्चीत?"

"खुर्चीत."

"पाठीवर वारा नाही ना येत?"

लेकीने तिथे दोन खोल्यांचं स्वतःचं घर घेतलं, त्या रविवारी ती हसत म्हणाली, "एवढं विचारता, तर एकदा येऊन बघाच की!" मग लगेच जीभ चावल्यासारखी, "नाही, जाऊ दे. मीच येते."

त्या संध्याकाळी कवळीवाल्यांनी एका कवळीत पुढचा दात उलटा बसवला. आयुष्यात पहिल्यांदा. बाईंनी तो पाहिला आणि दिवा मालवला. सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "मी मोटार घेतेय. मोठी. श्रीमंत लोक लांबच्या प्रवासाला वापरतात तसली, पलंगासारखी मऊ. जुनी घेईन. पण तुम्हाला तिकडे नेऊन सोडीन."

"अगं, मला..."

"लागणार नाही अशीच शोधू."

स्कूलच्या गाड्या सांभाळणारा मिस्त्री बाईंना ताई म्हणायचा. त्याने आधी डोक्याला हात लावला. "ताई, असल्या गाड्या दहा वर्षांनी एवढ्या स्वस्त का होतात, ठाऊक आहे? माणूस घेताना हसतो आणि पहिल्या दुरुस्तीला रडतो."

"मी रडणारी दिसते तुला?"

"रडवणारी दिसता. म्हणून तर बरोबर येतोय."

जुन्या गाड्यांच्या आवाराचा मालक गळ्यात टाय आणि पायात चपला घालून उभा होता. बाईंनी सांगितलं, सगळ्यांत मऊ दाखवा. त्याने दाखवली. स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्यांवर तरंगणारी, आत बसलं की माणूस कमरेपर्यंत गडप. मिस्त्री खाली वाकून बघून आला आणि बाईंच्या कानात म्हणाला, "पिशवी फुटली की तुमची पुंजी फुटली." तरी बाई स्टिअरिंगमागे बसल्या, कवळीवाले शेजारी, हातात प्लास्टिकची पिशवी. गाडी कसली, नाव होती ती. प्रत्येक वळणावर सावकाश कलायची, सावकाश उठायची. पहिल्या चौकात कवळीवाले पांढरे पडले, दुसऱ्या चौकात पिशवी कामी आली.

मग रुंद टायरांची, काचेच्या छपराची, पुढे टीव्हीएवढा पडदा असलेली एक बघितली. तिच्यात तर आवाराच्या फाटकापाशीच थांबावं लागलं. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

तिसरी कोपऱ्यात धूळ खात उभी होती. लांबलचक, जुन्या घाटणीची, रंग उतरलेला, चालकाच्या सीटची शिवण उसवलेली, पुढच्या डॅशबोर्डच्या फळीला हातभर चीर. मिस्त्रीने बोनेट उघडलं आणि तेलाची पट्टी ओढून बोटांनी चाचपून बघितली. "ताई, हिला कुणीतरी वेळेवर तेल घातलंय. जरा चालवून बघू द्या मला."

बाई सवयीने शेजारच्या सीटवर बसल्या. कवळीवाले मागे, नवी पिशवी पोटाशी धरून. मिस्त्रीचं गाडी चालवणं म्हणजे देवाचं नाव घ्यायची वेळ. फाटकाबाहेर पडताच बाईंचे पाय नसलेल्या ब्रेकवर दाबले गेले आणि तोंड आपोआप सुरू झालं.

"पुढं खड्डा आहे, आत्तापासून वेग कमी. हळू. हळू... आता ब्रेक. सोड. पुढं डावं वळण, लांबट आहे, फिरव... पुरे. सरळ. समोर रिक्षा थांबणार, बघ तो हात बाहेर काढतोय, थांब. हं, चल."

"ताई, मला परवाना आहे."

"कुणी दिला? नाव सांग त्याचं."

सगळा फेरा असाच झाला. आवारात परत येऊन बाई मागे वळल्या तर कवळीवाले खिडकीतून बाहेर बघत बसलेले, गालांवर रंग, पिशवीची नीट घडी करून खिशात.

"एवढ्यात आलोसुद्धा?" ते म्हणाले.

"बघा!" मालक धावत आला. "गाडीच तशी आहे, बाईसाहेब. राजघराण्यात शोभावी अशी!"

बाईंना घाईने खूश होता येत नसे. त्यांनी मिस्त्रीला उतरवलं, स्वतः स्टिअरिंगमागे बसल्या आणि तोच फेरा, निम्म्या वेगाने, लोण्यासारखा अलगद मारला. दुसऱ्याच वळणावर मागून पिशवी उलगडल्याचा आवाज आला.

गाडी कडेला लावून बाईंनी त्यांचं कपाळ धरलं. मग पाण्याची बाटली उघडून दिली आणि चिडून म्हणाल्या, "मिस्त्रीच्या धसमुसळेपणात तुम्ही टवटवीत, आणि माझ्या चालवण्यात ही दशा! माझंच काही खटकतंय का तुम्हाला?"

कवळीवाल्यांनी सावकाश तोंड पुसलं. "मघाशी तू बोलत होतीस."

"तुमच्याशी नाही, मिस्त्रीशी."

"कुणाशी का असेना. आता खड्डा, आता वळण, सगळं आधी कळत होतं. पोट आपलं तयार होऊन बसत होतं. एरवी प्रत्येक वळण म्हणजे कुणीतरी मागून ढकलल्यासारखं."

बाईंनी बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. "चाळीस वर्षांत हे सांगितलं नाहीत?"

"चाळीस वर्षांत तू माझ्याबरोबर गाडीत बोललीस कधी?"

ते खरंच होतं. दिवसभर दुसऱ्यांना ओरडून झाल्यावर घरच्या माणसाला कधी कुठे न्यायचं झालंच, तर बाई स्कूलची गाडी ओठ घट्ट मिटून चालवत. तेवढीच जिवाला शांतता. ती शांतताच यांचं पोट ढवळत होती म्हणायची!

"मग मोठ्या गाडीचं खूळ कशाला?" आवारात परतल्यावर सगळं ऐकून मिस्त्रीने व्यवहाराचं विचारलं. "स्कूलची छोटी घेऊन जा. बोलत बसा रस्ताभर."

बाईंनी तेही करून पाहिलं. गावातल्या रस्त्यांवर झकास जमलं. पण हमरस्त्याला लागून वेग घेतला आणि डब्यात खडे घालून हलवावेत तशी ती गाडी खडखडायला लागली. इंजिनाची घरघर, काचांची थरथर, शेजारून जाणारे ट्रक. बाईंना ओरडावं लागलं. "वळण! उजवीकडे! उजवीकडे म्हटलं!"

"कळलं गं," कवळीवाले कळवळून म्हणाले, "पण तू ओरडलीस की पोट आणखी आवळतं."

संध्याकाळपर्यंत बाईंचा आवाज बसला तो बसलाच. कवळीवाल्यांनी मीठ घालून गरम पाणी आणून दिलं आणि पलंगाच्या कडेला टेकले. "राहू दे आता. तुझा गळा घालवून मला कुठं जायचं नाही. ती येतेच की वर्षातून."

बाईंना उत्तर देता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा भांडण हरायची वेळ आली आणि तीही आवाज नाही म्हणून! त्यांनी रागाने गुळण्या केल्या. गुळण्या करता करता मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे इतके दिवस आपण मऊ गाडी शोधत होतो. हवी होती शांत गाडी.

आवाज थोडा परतल्यावर त्या पुन्हा आवारात गेल्या. मालकाने पडद्याची गाडी पुढे केली. "हप्ते करून देतो, बाईसाहेब. छप्पर उघडतं, पडदा बोलतो, रस्ता दाखवतो..."

"पडदा काय बोलतो ते नंतर. मी बोललेलं यांना ऐकू येतं का, ते आधी बघू."

हमरस्त्यावर वेग घेऊन बाई पुटपुटल्या, "पुढं मोरी." रुंद टायर सोसाट्यासारखे घोंघावत होते. कवळीवाले कानाला हात लावून म्हणाले, "काय? दोरी?"

मग लांबलचक जुनी गाडी. तिच्या खिडक्यांना दुहेरी काचा होत्या आणि दारं बंद झाली की बाहेरचं जग कुणीतरी रजई टाकून झाकल्यासारखं व्हायचं. तोच रस्ता, तोच वेग. मागे मालक आणि मिस्त्री श्वास रोखून बसलेले. बाईंनी ओठ जेमतेम हलवले.

"तुम्ही घोरता."

"तू जास्त घोरतेस," कवळीवाले समोर बघत म्हणाले.

"हीच," बाई म्हणाल्या.

मालकाला काही उमगलं नाही. सौदा करताना बाईंनी उसवलेली शिवण, फळीची चीर, उतरलेला रंग, सगळं बोट लावून दाखवलं आणि पुंजीत बसेल तिथे आकडा आणून सोडला. निम्मं भांडण खुणांनी केलं. डॉक्टरांचं ऐकायचं ठरवलं होतं. मिस्त्री मात्र किल्ली हातात येईपर्यंत खो खो हसत होता.

"काय झालं रे?"

"ताई, गिअर आपोआप पडतात हिचे. हिला क्लचच नाही!"

फळीची चीर कवळीवाल्यांनी स्वतः बुजवली, आपल्याच कवळ्यांच्या मसाल्याने. चीर नाहीशी झाली. जागा तेवढी हिरडीसारखी गुलाबी राहिली.

निघाले ते पहाटे. बाई हळू आवाजात रस्ता सांगत होत्या आणि शेजारी कवळीवाले डोळे मिटून ऐकत होते. "पूल आहे, जोडावर एक धक्का बसेल. बसला. आता मोकळं आहे. एक म्हातारा सायकलवर शिडी घेऊन चाललाय, त्याला वळसा घालतेय, उजवीकडून... झालं." कुठे जेवायला थांबले, कुठे पाय मोकळे केले. पिशवी खिशातच राहिली. चाळीस वर्षांत दोघांत जेवढं बोलणं झालं नसेल तेवढं त्या दिवशी बाईंनी एकटीनेच केलं, आणि तेही खड्ड्यांबद्दल.

घाट अर्धा चढला आणि बाईंचा आवाज गेला. "पुढं आ..." म्हणाल्या आणि नुसतीच हवा बाहेर आली. खोकल्या, पाणी प्यायल्या, उपयोग नाही. वळण आलं. कवळीवाल्यांनी डोळे उघडले, खिशाकडे हात नेला.

बाईंनी एक हात स्टिअरिंगवरून काढला. गिअर बदलायला तो लागतच नव्हता. त्यांनी तो नवऱ्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि वळणाच्या आधी, वळण ज्या बाजूला त्या बाजूला, दाबला. एखाद्या विद्यार्थ्याने घाटात एका हाताने गाडी चालवली असती तर त्यांनी त्याला तिथेच उतरवून पायी पाठवलं असतं. पुन्हा वळण, पुन्हा हात. गुडघा सैल पडला. कवळीवाल्यांनी डोळे मिटले आणि प्रत्येक वळणाच्या थोडं आधीच तिकडे झुकू लागले.

लेक दारातच उभी होती. मोटार बघून आधी तिला वाटलं, पत्ता चुकलेलं कुणी बडं माणूस आलं. त्यातून बाबा उतरले, स्वतःच्या पायांनी, चेहऱ्यावर लाली असलेले. तिच्या तोंडून शब्द फुटेना. आईच्याही फुटत नव्हता, पण त्याचं कारण वेगळं.

कवळीवाले सरळ आत गेले. पहिल्या खोलीच्या मध्यावर उभं राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली, मग खिडकीशी गेले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, फटीपाशी तळवा धरून वारा पाहिला.

"खिडकी इकडं आहे होय!" ते म्हणाले. "इतके रविवार मी तुला भलत्याच भिंतीशी बसवून बोलत होतो."

"बाबा, बसा ना तुम्ही. पाणी आणते. आई, तू काही बोलत का नाहीयेस? रागावलीस?"

"तिला दोन दिवस बोलायला लावू नकोस," कवळीवाले खुर्चीत टेकत म्हणाले. "परत जायचं आहे आम्हाला."